‘पुनर्वसन पूर्ण’ हा शेरा खोटा आहे

माझ्या आजोबांची फाईल माझ्याकडे आहे. पंचाहत्तर-एक कागद, कडा वाळवीने खाल्लेल्या, दुधाच्या पिशव्या कापून शिवलेल्या थैलीत आजीने जपलेले. पहिल्या कागदावर भूसंपादनाचा निवाडा आहे. त्यात आजोबांच्या नावापुढे लिहिलंय, ‘खातेदार, व्यवसाय शेती’. मधल्या एका कागदावर त्यांच्याच नावापुढे ‘व्यवसाय मजुरी’ असं लिहिलंय. या दोन नोंदींमध्ये जेमतेम तीन वर्षांचं अंतर आहे. आणि शेवटच्या कागदावर जांभळ्या शाईत शेरा आहे, ‘पुनर्वसन पूर्ण’.

शेतकऱ्याचा मजूर केला आणि त्या कामाला पुनर्वसन म्हटलं. मी हा शेरा मानत नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी धरणग्रस्तांचे अर्ज लिहून देतो, त्यांच्याबरोबर पुनर्वसन कार्यालयाच्या पायऱ्या चढतो-उतरतो, आणि हाच शेरा वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या सह्यांनिशी पुन्हा पुन्हा पाहतो. प्लॉट दिला, पुनर्वसन पूर्ण. दाखला दिला, पुनर्वसन पूर्ण. तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन फोटो काढला, पुनर्वसन पूर्ण. त्या घरात चूल कशावर पेटते, हे विचारणारा रकाना आजवर एकाही नमुन्यात मला सापडलेला नाही.

आजोबा कोयनेच्या खोऱ्यातले, जावळीकडच्या काठाचे. आज जिथे शिवसागर जलाशयाचं १०५ टीएमसी पाणी उभं असतं, त्याच्या तळाशी त्यांची भाताची खाचरं आहेत. त्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प चालतो. या राज्याचे कारखाने, या राज्याच्या लोकल, तुमच्या-माझ्या घरातले दिवे, सगळ्यांत त्या खाचरांचा वाटा आहे. लोक उठले तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. होता तो १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा: जमीन घ्या, पैसे मोजा, विषय संपला. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा पहिला कायदा केला १९७६ मध्ये. तोवर कोयनेचं पाणी कधीच चढलं होतं, १९६७ चा भूकंपही होऊन गेला होता, आणि माणसं ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी पाचर मारल्यासारखी फुटून विखुरली होती. काही लोक तर कुठेच गेले नाहीत. पाणी चढेल तसे डोंगर चढत वर सरकले. पुढे तोच डोंगर अभयारण्य झाला, नंतर व्याघ्र प्रकल्प झाला, आणि ज्यांनी आपली गावं सोडून जागा करून दिली त्यांच्याच नातवंडांना सरकारी भाषेत ‘अतिक्रमण’ म्हणायला सुरुवात झाली.

आजोबांना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात जमीन मिळाली. वरकस. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: डोंगरउताराची हलकी, मुरमाड जमीन, जिथे दोन वर्षं नाचणी-वरी घ्यायची आणि मग तिला चार वर्षं पडीक ठेवायची. पाणी नाही, बांधबंदिस्ती नाही, शेजारी ओळखीचा माणूस नाही. मूळ गावकऱ्यांना हे लोक आगंतुक वाटले, आणि त्यांचंही काय चुकलं? त्यांचं गायरान विचारल्याशिवाय कापून दिलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. विस्थापितांना काम मिळत नाही याचं कारण सरकार, संस्था आणि कंपन्यांचे सीएसआरवाले एकमुखाने सांगतात: त्यांच्याकडे कौशल्य नाही. अर्जाच्या नमुन्यात ‘कौशल्य’ असा रकाना असतो आणि तिथे कारकून स्वतःच्या हाताने ‘नाही’ लिहितो. हे वाक्य मला सर्वांत जास्त चीड आणतं. माझ्या आजोबांना राब कधी भाजायचा, रोप कधी उपटायचं, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, म्हैस कुठल्या गवताने दुधाला वाढते, हिरडा कधी झोडायचा, कारवीचा कूड कसा विणायचा हे सगळं पाठ होतं. आठ माणसांचं घर ते बाजारातून मीठ, कापड आणि रॉकेल एवढंच विकत आणून चालवत. हा माणूस अकुशल? त्याचं कौशल्य त्या खोऱ्याच्या मातीत, पावसात आणि उतारात रुतलेलं होतं. खोरं बुडवलं तेव्हा ते कौशल्य बुडवलं. ज्याने बुडवलं त्यानेच पुढे येऊन ‘तुला काही येत नाही’ म्हणावं, हा अपमान आहे, आणि तो साठ वर्षं चालू आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पुनर्वसित वसाहतीत महिलांसाठी शिवणकामाचं प्रशिक्षण झालं. वसाहतीत साठ-पासष्ट उंबरे. तीस बायकांना शिकवलं, तीस मशीन वाटली. समाजमंदिरात मांडव, हार, बॅनर, भाषणं. मी मागे उभा होतो. कार्यक्रम संपत आला तेव्हा एक मावशी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “साहेब, मशीन दिलीत, उपकार झाले. पण दर दुसऱ्या घरात मशीन आली. आता आमच्याकडनं शिवून घेणार कोण?” व्यासपीठावरच्या एकाही माणसाकडे उत्तर नव्हतं. मावशींना बसायला सांगितलं आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा त्यांच्या मशीनवर गोधड्यांची चळत होती. बाजारपेठ नाही, कापड आणायला भांडवल नाही, तालुक्याला जायला दिवसातून एकच एसटी. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या अहवालात मात्र ‘तीस महिलांना स्वयंरोजगार’ अशी नोंद गेली. त्या तीसपैकी दोघी आजही शिवतात. बाकीच्या पूर्वीसारख्याच आंब्याच्या बागेत रोजावर जातात.

मग विस्थापित माणूस उभा राहिलाच नाही का? राहिला. पण कशाने, ते पाहा.

माझे वडील सतराव्या वर्षी त्या वरकस जमिनीवरून उठून मुंबईला गेले. मशीद बंदरला गावकीच्या खोलीत बावीस माणसं राहायची, पाळीपाळीने झोपायची. वडील पाठीवर पोती वाहायचे. क्विंटलचं पोतं, लाकडी फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, हातात लोखंडी हूक. त्यांच्या मानेच्या मागे, खांद्याच्या वर, लिंबाएवढा कडक घट्टा होता. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून ‘दुखतं का’ विचारायचो. मजुरी मुकादमाच्या मर्जीवर. पाय मोडला तर दुसऱ्या दिवशी दुसरा हमाल. सातारा, जावळी, पाटण, जुन्नर, आंबेगाव इथल्या हजारो पोरांची हीच कथा होती. धरणाने उठवलेले, दुष्काळाने उठवलेले, सगळे त्याच फळीवर.

पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना एकत्र केलं. संप झाले, मोर्चे झाले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. या कायद्याने काय केलं ते समजून घ्या, कारण रोजगाराच्या नावाखाली चाललेल्या शंभर योजनांपेक्षा त्यात जास्त शहाणपण आहे. त्याने हमालाला नवं कौशल्य शिकवलं नाही. पोतं तेच, पाठ तीच. त्याने हमाल आणि व्यापारी यांच्यामध्ये एक मंडळ उभं केलं. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, हमालाने नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने ती हमालाला द्यायची. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्टी, दवाखाना. कायमचा मालक नसलेल्या माणसाला कायम कामगाराचे हक्क मिळाले. मुकादमाची मर्जी संपली, टोळीची पाळी आली.

माझं शिक्षण त्या लेव्हीतून झालं. बहिणीचं लग्न त्या फंडातून झालं. वडिलांची हर्निया शस्त्रक्रिया माथाडींच्या दवाखान्यात झाली. आमच्या घराचं पुनर्वसन पुनर्वसन खात्याने केलं नाही, माथाडी मंडळाने केलं. आणि त्या मंडळाच्या कायद्यात ‘पुनर्वसन’ हा शब्दही नाही.

माथाडींच्या नावाने खंडणी वसूल करणाऱ्या टोळ्या आज आहेत, हे मला माहीत आहे. कारखानदारांची तक्रार खरी आहे. पण गुंडांना आवरायचं सोडून २०२३ मध्ये कायद्यालाच हात घालणारं विधेयक आणलं, ते पाहून माझ्या वडिलांच्या वयाची माणसं काठी टेकत मोर्चाला उतरली. पिकात तण माजलं तर तण उपटतात, पिकावर नांगर फिरवत नाहीत.

आता कोणी म्हणेल, सरकार कुणाकुणाला काम पुरवणार? फाळणीनंतर पुरवलं होतं. कल्याणच्या लष्करी बराकींमध्ये लाखभर सिंधी निर्वासित येऊन पडले. १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे नव्या नगराचा पाया घातला, तेच उल्हासनगर. केंद्रात पुनर्वसनाचं स्वतंत्र मंत्रालय होतं. व्यवसायासाठी कर्ज द्यायला १९४८ मध्ये पुनर्वसन वित्त प्रशासन नावाची वेगळी यंत्रणा उभी केली. १९५४ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा आला. तिकडे दिल्लीजवळ फरीदाबादला वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी त्याहून पुढची गोष्ट केली. ठेकेदार नको, आमची घरं आम्ही बांधतो, असं म्हणून त्यांनी सहकारी संस्था काढल्या. कमलादेवी चट्टोपाध्याय, सुधीर घोष, एल. सी. जैन अशी माणसं पाठीशी उभी राहिली. स्वतः नेहरू या कामासाठी नेमलेल्या मंडळाच्या बैठकांना बसत. ज्यांनी कधी विटेला हात लावलेला नव्हता ते गवंडी झाले, मजुरीही त्यांचीच आणि घरंही त्यांचीच. पुढे नोकरशाहीने त्या सहकाराचा गळा आवळला ती गोष्ट वेगळी, आणि तीही आपल्याला लाज आणणारी.

मला उल्हासनगरच्या माणसांचा हेवा नाही. त्यांनी सगळं गमावलं होतं. लोकलच्या डब्यात पापड-गोळ्या विकून त्यांनी उभारी धरली, ती त्यांच्या घामाची होती. मला विचारायचंय ते सरकारला. सीमेपलीकडून आलेल्यांसाठी जो विचार सुचला, कर्ज, बाजार, कारखाना, मालकी, तो विचार दहा वर्षांनी आपल्याच धरणाने उठवलेल्या शेतकऱ्यांसाठी का सुचला नाही? माझं उत्तर मी सांगतो. फाळणीचे निर्वासित शहरांच्या तोंडाशी येऊन बसले होते, डोळ्यांआड करणं शक्य नव्हतं. आमचे लोक दऱ्याखोऱ्यांतले, वीस-वीस घरांचे, पाच जिल्ह्यांत पांगवलेले. ते दिसत नव्हते. १९२१ मध्ये मुळशीत सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हापासून हेच चाललंय. वीज शहरात दिसते, गाव पाण्याखाली दिसत नाही.

नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा मात्र लोक दिसले, कारण ते रस्त्यावर पडले. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासई आणि दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच शेतकरी मेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या त्या लढ्यामुळे पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. पाच जीव गेल्यावर जी गोष्ट न्याय्य ठरली, ती जीव जाण्याआधीही न्याय्यच होती.

कायदे सुधारले असं म्हणतात. मी वाचले आहेत. १९७९ च्या नर्मदा लवादाने जमीन गेलेल्या पात्र कुटुंबाला किमान दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर जमीन द्यायला सांगितली होती, सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरलं होतं. २०१३ चा केंद्रीय कायदा सिंचन प्रकल्पासाठी लाभक्षेत्रात किमान एक एकर देतो, तेही ‘शक्य असेल तर’. चौतीस वर्षांत पाचाचा एक झाला. नोकरीबद्दल तोच कायदा म्हणतो: प्रकल्पात नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख, किंवा वीस वर्षं महिना दोन हजार. त्या ‘किंवा’ शब्दाने घात केला आहे. प्रकल्पवाले नोकरी कधीच पुढे करणार नाहीत. दोन हजार गुणिले बारा गुणिले वीस, चार लाख ऐंशी हजार. वर महागाईनुसार थोडी वाढ. पाच माणसांच्या घरात ही रक्कम माणशी दिवसाला तेरा रुपये होते. कारागिराला आणि छोट्या दुकानदाराला एकदाच पंचवीस हजार. लोहाराचा भाता, ऐरण, गिऱ्हाईक आणि बलुतं यांची ही किंमत ठरवणाऱ्याने एक दिवस भट्टीपुढे बसावं.

आपल्या राज्याचा कायदाही तसाच. लाभक्षेत्रात पर्यायी जमीन हवी असेल तर मिळालेल्या भरपाईतले ६५ टक्के आधी सरकारात भरा. ज्याचं शेत, गोठा, घर एका दिवसात गेलं, जो मुलाबाळांसह पत्र्याच्या शेडमध्ये राहतोय, तो हातात आलेल्या पैशांतून आधी घर बांधील की सरकारात पैसे भरील? ज्यांनी भरले नाहीत त्यांच्या नावापुढे ‘अपात्र’ लिहिलं. अशी शेकडो कुटुंबं मी स्वतः पाहिली आहेत. वसाहतीच्या नागरी सुविधांच्या यादीत रस्ता आहे, शाळा आहे, स्मशानभूमी आहे. मेल्यावरची सोय लिहिली, जगायची लिहिली नाही.

राहता राहिलं नोकऱ्यांमधलं पाच टक्के समांतर आरक्षण. दाखला एका कुटुंबात एकाला. त्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले मला माहीत आहेत. जागा निघतात थोड्या, कंत्राटी भरतीत आरक्षण नाही, आणि जे दाखले खऱ्या वारसाला दहा-दहा खेटे घालून मिळत नाहीत ते बोगस माणसाला पैसे टाकून मिळतात. पोरगा दाखला घेऊन पंचेचाळिशीला पोहोचतो आणि वयोमर्यादा ओलांडतो.

नोकरीशिवाय दुसरी वाटही होती. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांनी सोपी आणि रास्त मागणी केली होती: आमची जमीन पाण्याखाली आहे, तर त्या पाण्यातली मासळी आमची. लढा दिला, १९९६ मध्ये जलाशयाचा ठेका मिळाला, तवा मत्स्य संघ उभा राहिला. आदिवासी मच्छीमारांनी मत्स्यबीज सोडलं, मासळी काढली, विकली, हिशेब ठेवला, दहा वर्षं चांगला चालवला. २००६ मध्ये अभयारण्याचं कारण सांगून ठेका वाढवून दिला नाही. ना बँक बुडवली, ना घोटाळा केला. सरळ चाललेली रोजी सरकारनेच काढून घेतली. इकडे माझ्या आजोबांच्या शेतावर उभ्या असलेल्या पाण्यात आज पर्यटकांच्या बोटी फिरतात. बोटी आमच्याच भावकीतली पोरं चालवतात, बरं वाटतं. पण त्या पाण्यावर त्यांचा कायद्याने हक्क कोणता? उद्या एखाद्या बड्या कंपनीला ठेका दिला तर ती पोरं तिथे वेटर होतील.

“पैसे दिले की हे लोक मोटारसायकल घेतात, दारू पितात,” असं मला एका अधिकाऱ्याने चहा पिता पिता सांगितलं. ज्याला दर महिन्याला पगार येतो त्याने हे बोलू नये. ज्या पैशाच्या मागे काम नाही तो पैसा कुणाच्याही घरात संपतोच. शेतकऱ्याने आयुष्यात एकदम पाच लाख पाहिलेले नसतात. त्याच्याकडे एजंट आधी येतो, बँकेचा माणूस येतच नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. ज्याच्या पाण्यावर, ज्याच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहतो, त्याला त्या प्रकल्पाच्या उत्पन्नात कायमचा कायदेशीर वाटा द्या: जलाशयातली मासळी, गाळपेर, पर्यटन, विजेचा महसूल. लाभक्षेत्रातली जमीन ६५ टक्क्यांच्या अटीशिवाय द्या. जो मजुरीला जाईल त्याच्या पाठीशी माथाडीसारखं मंडळ उभं करा, मग तो बागेत जावो, वीटभट्टीवर जावो की मालाच्या गोदामात जावो. आणि प्रत्येक पुनर्वसनाच्या अहवालात दोन आकडे सक्तीचे करा: उठण्याआधी त्या घराची वर्षाची कमाई किती होती, आणि दहा वर्षांनी किती आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय कोणत्याही फायलीवर ‘पूर्ण’ लिहायला कायद्याने बंदी करा.

तुम्ही पुनर्वसन कार्यालयात काम करत असाल, किंवा तुमचा कोणी करत असेल, तर एवढं करा. पुढच्या वेळी तो शिक्का उचलाल तेव्हा समोरच्या माणसाला विचारा, घरात कमावतं कोण आहे आणि काय काम करतं. उत्तर ‘रोजावर जातो’ असं आलं, तर शिक्का खाली ठेवा. माझ्या आजोबांच्या फायलीवरचा शेरा खोडण्याचा अर्ज मी दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.